मधली वर्षं

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

संध्याकाळची वेळ आहे. कुणी भाकरी थापत असेल, कुणी धार काढून नुकतंच आत आलं असेल. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या.

मी बचत गटांची समन्वयक आहे. नेहमी मी बँक जोडणीबद्दल, रजिस्टरबद्दल, थकलेल्या हप्त्यांबद्दल बोलते. आज पळण्याबद्दल बोलणार आहे. पण सुरुवात गटाच्या बैठकीपासूनच करते, कारण माझी एक चूक तिथंच झाली.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावात गटाची मासिक बैठक होती. गावाचं नाव सांगत नाही, तुमचंही गाव असू शकेल. हजेरी झाली, बचत गोळा झाली, मग कर्ज मागणीचा विषय निघाला. एका ताईनं शेळीसाठी आठ हजार मागितले, पाच मिनिटांत मंजूर. दुसरीनं पुतणीच्या लग्नासाठी पंधरा हजार मागितले, तेही मंजूर. मग भिंतीला टेकून बसलेली एक ताई हळूच म्हणाली, “मला तीन हजार पायजे होते.”

कशाला? तर तिची पोरगी नववीत होती. तालुक्याला पळण्यात पहिली आली होती, आता जिल्ह्याला जायचं होतं. सरांनी स्पाइकचे बूट घ्यायला सांगितले होते, म्हणजे तळाला खिळे असलेले. शिवाय जाण्यायेण्याचा खर्च.

सचिव आक्का म्हणाल्या, “शेळी विते. बूट काय वितोय का?” सगळ्या हसल्या. मीही हसले. मग त्यांनी मला विचारलं, “मॅडम, नियमात बसतंय का?” मी रजिस्टरमधला कर्जाच्या कारणाचा रकाना बघितला. शेती, जनावरं, व्यवसाय, दवाखाना, शिक्षण, लग्न. मी म्हणाले, “यात बसत नाही.”

खरं तर शिक्षणात बसवता आलं असतं. मी बसवलं नाही.

ती पोर जिल्ह्याला गेली, शाळेचे साधे बूट घालून. पाचवी आली. पुढच्या वर्षी दहावी होती, घरच्यांनी सांगितलं, आता पळणं बास. तिची आई मला अजून भेटते, चांगलं बोलते, कधी तो विषय काढत नाही. तिनं काढला नाही म्हणूनच तो माझ्या मनातून जात नाही.

आता आपल्याच भागातल्या एका बाईची गोष्ट सांगते. तुम्ही म्हणाल, ती तर आम्हाला ठाऊक आहे. नाव ठाऊक असेल, फोटोही बघितला असेल. पण तिची मधली वर्षं आपण फारशी बघितलेली नाहीत.

ललिता बाबर. माण तालुक्यातलं मोही हे तिचं गाव. जन्म २ जून १९८९. शेतकऱ्याचं घर. माणमधलं शेतकऱ्याचं घर म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पाऊस आला तर बाजरी, नाही आला तर टँकरची वाट. शाळा घरापासून लांब. इतर पोरं चालायची, ही पळत जायची. घाटावरच्या आपल्या किती पोरी अशाच पळतात. कुणी शाळेला उशीर झाला म्हणून, कुणी एसटी सुटेल म्हणून. पण त्या पळण्याकडे बघून ‘ही पोर चांगली पळते’ असं म्हणणारं माणूस भेटावं लागतं. ललिताला शाळेत ते भेटलं.

२००५ साली पुण्याला वीस वर्षांखालच्या मुलामुलींची राष्ट्रीय स्पर्धा झाली. ललितानं ती जिंकली. तेव्हा तिला सोळावंच चालू होतं. आता मनात जरा हिशोब करा. २००५ मध्ये देशातल्या तिच्या वयाच्या पोरींत पहिली आली. मोठ्या माणसांच्या मोठ्या शर्यतीत तिचं नाव गाजलं ते २०१२ मध्ये, मुंबई मॅरेथॉनला. मधे सात वर्षं गेली.

सात वर्षांत आपल्याकडे काय काय होतं बघा. पोरगी सोळाची तेवीस होते. दहावी होते, बारावी होते, पाहुणे येऊन बघून जातात, लग्न होतं, एखादं लेकरू होतं. गटात आलेली नवी सून सात वर्षांत सचिव होते. आणि या सगळ्या काळात ही पोर रोज पहाटे उठून पळत होती. दाखवायला हातात फारसं काही नव्हतं. पुढे रेल्वेत नोकरी मिळाली, तिचा आधार झाला. पण नोकरी करून सरावही करायचा म्हणजे काय, ते घरचं आवरून रोजगाराला जाणाऱ्या बाईलाच कळेल.

२०१२ ला तिनं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला नंबर काढला. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर जवळजवळ २०० मीटर. २०१३ ला पुन्हा पहिली. २०१४ ला तिसऱ्यांदा पहिली. २०१२-१३ चा दुष्काळ आठवतोय ना? माणमध्ये चारा छावण्या लागल्या होत्या. आपल्यातल्या कित्येक जणी जनावरं घेऊन छावणीत राहिल्या होत्या. त्याच हंगामात, जानेवारी महिन्यात, आपल्या तालुक्याची लेक मुंबईच्या रस्त्यावर सगळ्यांच्या पुढे पळत होती. पेपरवाल्यांनी तिला ‘माणदेशी एक्सप्रेस’ नाव दिलं. माणमध्ये आगगाडी कुठं येते? पण ही एक्सप्रेस माणची.

आता पुढचं लक्ष देऊन ऐका. तीन वेळा जिंकल्यावर माणसानं काय करावं? जे जमतंय तेच करत राहावं, असं आपण म्हणू. मॅरेथॉनमध्ये नाव झालं होतं. ललितानं त्याच वर्षी, २०१४ मध्ये, शर्यतच बदलली. ती स्टीपलचेसकडे वळली.

स्टीपलचेस म्हणजे काय ते सांगते. तीन हजार मीटरची शर्यत, मैदानाचे साडेसात फेरे. वाटेत अडथळे असतात, आडवे टाकलेले जाड लाकडी दांडे. बायकांच्या शर्यतीत त्यांची उंची अडीच फूट, म्हणजे साधारण गव्हाणीएवढी. असे २८ अडथळे ओलांडायचे. शिवाय सात वेळा पाण्याचा अडथळा, म्हणजे दांड्यापलीकडे बारा फूट लांबीचा पाण्याचा खड्डा. त्यात पाय पडला की बूट भिजतो, जड होतो, आणि तसंच पुढं पळायचं. नेहमीच्या अडथळ्यांच्या शर्यतीत लाकडाला धक्का लागला तर लाकूड पडतं. यात लाकूड हलत नाही. आपटलं तर पडतो तो माणूस.

बांध, ओढा, कुंपण ओलांडत शिवारातून पळण्यासारखंच आहे ते. पुरुषांची ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये शंभर वर्षांपूर्वीपासून आहे. बायकांची कधी आली माहीत आहे? २००८ साली. तोपर्यंत हे बायकांचं काम नाही, असं जगातही मानलं जात होतं. फक्त आपल्याच गावात असं म्हणतात असं नाही.

तर ललितानं जमलेलं सोडून हे अवघड घेतलं. बेलारूस देशाचे प्रशिक्षक निकोलाई स्नेसारेव भारताच्या लांब पल्ल्याच्या मुलींना शिकवत होते. त्यांच्याकडे तिचा सराव चालू होता. हे सर फार कडक, आणि मुलींकडून ढोरमेहनत करून घेणारे. २०२१ साली पतियाळात त्यांचं निधन झालं.

आता मी काही आकडे सांगणार आहे. आपण गटाच्या बाया, आकड्यांना घाबरत नाही.

२०१४ सप्टेंबर, दक्षिण कोरियात इंचॉनला आशियाई खेळ. ललिताची वेळ ९ मिनिटं ३५.३७ सेकंद. कांस्यपदक आणि नवा राष्ट्रीय विक्रम. त्या दिवशी तिथं एक गंमतच झाली. पहिल्या आलेल्या बहारीनच्या मुलीला आधी बाद ठरवलं, म्हणून ललिता दुसरी झाली. थोड्या वेळानं निर्णय फिरला आणि ललिता परत तिसरी. हातात आलेलं रौप्य गेलं. आणि तिसऱ्या क्रमांकावर सरकलेली आपली सुधा सिंग चौथी झाली, तिच्या हातात काहीच उरलं नाही. मैदानावरसुद्धा असा कागद फिरतो बरं का.

२०१५ जून, चीनमध्ये वूहानला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा. ९ मिनिटं ३४.१३ सेकंद. सुवर्णपदक. वर्षभराची मेहनत, आणि वेळ कमी झाली सव्वा सेकंदानं. आपण डोळ्याची पापणी मिटून उघडतो, तेवढ्यात सव्वा सेकंद जातो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, बीजिंगला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. प्राथमिक फेरीत ९ मिनिटं २७.८६ सेकंद. अंतिम फेरीत आठवी.

२०१६ एप्रिल, दिल्ली. ९ मिनिटं २७.०९ सेकंद.

आणि २०१६ ऑगस्ट, ब्राझीलमध्ये रिओ ऑलिम्पिक. १३ तारखेला प्राथमिक फेरी. ९ मिनिटं १९.७६ सेकंद.

इंचॉनपासून रिओपर्यंत दोन वर्षंही पूर्ण झाली नव्हती. तेवढ्यात पंधरा सेकंद कमी झाले. पंधरा सेकंदांत चांगली पळणारी बाई जवळजवळ ऐंशी मीटर पुढे जाते. म्हणजे इंचॉनची ललिता आणि रिओची ललिता एकत्र पळवल्या असत्या, तर रिओची ललिता शेवटची रेषा ओलांडायची, तेव्हा इंचॉनची अजून ऐंशी मीटर मागे असती.

रिओच्या त्या वेळेनं ती अंतिम फेरीत गेली. भारताचं कुणी ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचलं, ते बत्तीस वर्षांनी. आधी १९८४ ला पी. टी. उषा पोचल्या होत्या. लॉस एंजेलिसला त्यांचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यानं हुकलं होतं.

अंतिम फेरी झाली ती १५ ऑगस्टला. आपण इथं सकाळी शाळेत झेंडावंदन केलं होतं, पोरांना खाऊ वाटला होता. ललिता अंतिम फेरीत पळाली ९ मिनिटं २२.७४ सेकंदांत. तिचा नंबर दहावा आला.

दहावा. पदक नाही.

हा दहावा नंबर मी मुद्दाम दोनदा सांगते. कारण आपल्या गावात कुणाची पोरगी दहावी आली असती तर आपण काय म्हणालो असतो? “एवढा खर्च केला आणि दहावी?” असंच म्हणालो असतो. पण जगातल्या एवढ्या देशांतल्या बायकांत मोहीची पोर दहावी होती. तिनं प्राथमिक फेरीत केलेला राष्ट्रीय विक्रम पुढे सात वर्षं कुणाला मोडता आला नाही. २०२३ मध्ये बुडापेस्टला तो पारुल चौधरीनं मोडला, ९ मिनिटं १५.३१ सेकंद. ही पारुल मेरठकडची, तीही शेतकऱ्याचीच मुलगी. म्हणजे ललितानं दांडा जिथं ठेवला होता, तिथून पुढची पोर गेली.

२०१६ ला ललिताला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे राज्य सरकारनं तिला महसूल खात्यात अधिकारी म्हणून घेतलं. रिओला गेली तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती आणि तिचं लग्न झालेलं नव्हतं. २०१७ ला झालं. हे मी तिचं खाजगी म्हणून सांगत नाही. आपल्या भागात सत्तावीस वर्षांपर्यंत पोरगी पळू देणं म्हणजे घरच्यांनी किती जणांचं ऐकून घेतलं असेल, याचा अंदाज तुम्हाला यावा म्हणून सांगते. दारात येऊन “कधीपर्यंत पळवणार?” असं विचारणारी माणसं प्रत्येक गावात असतात. मीसुद्धा तीन वर्षांपूर्वी, रजिस्टर मांडीवर घेऊन, त्यांच्यातलीच एक झाले होते.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. ललितानं कष्ट केले हे खरं. पण कष्ट करणाऱ्या पोरी आपल्याकडे कमी नाहीत. आपण कमी पडतो ते मधल्या वर्षांत, म्हणजे पोरगी तालुक्याला पहिली आल्यापासून तिचं नाव पेपरात येईपर्यंत. तालुक्याला आली की आपण हार घालतो. पेपरात आली की बॅनर लावतो. मधे तिला लागतात बूट, अंडी, एसटीचं भाडं, पहाटे मैदानावर सोबत, आणि ‘बास कर’ न म्हणणारं घर.

असं मधल्या वर्षांत कुणी पाठीशी उभं राहिल्याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे आणि ते फार जुनं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव. १९४८ ला ते लंडन ऑलिम्पिकला गेले, सहावे आले. चार वर्षं घाम गाळला. १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताला एकट्यानं मिळवून दिलेलं पहिलं ऑलिम्पिक पदक ते. कराडला शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीची गोष्ट सगळे सांगतात. मला ती वर्गणी जास्त महत्त्वाची वाटते. वर्गणी म्हणजे काय? प्रत्येकानं थोडं थोडं काढलं, एकत्र केलं, आणि ज्याला गरज त्याला दिलं. हेच तर आपण दर महिन्याला करतो.

आणि सांगलीच्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी. तोही माणदेशच, शीव ओलांडली की जिल्हा बदलतो एवढंच. शाळेत असताना सायकलवरून पडून त्यांचा डावा हात कायमचा अधू झाला. ते इंजिनिअर झाले, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवलं, आणि गोळाफेक करत राहिले. २०२४ मध्ये पॅरिसच्या पॅरालिम्पिकला त्यांनी १६.३२ मीटर गोळा टाकला आणि रौप्यपदक आणलं. सुवर्णपदकाचं अंतर होतं १६.३८ मीटर. सहा सेंटिमीटरचा फरक, आपल्या चार बोटांच्या रुंदीएवढा. तेव्हा त्यांचं वय चौतीस होतं. चौतिसाव्या वर्षी आपण पोरांना म्हणतो, “आता काय खेळायचं वय राहिलंय का?”

तुम्ही विचाराल, आमच्या पोरी ललिता होणार का? खरं सांगते, बहुतेक होणार नाहीत. मी तुम्हाला पदकाचं आमिष दाखवत नाही. पदकाच्या भरवशावर कर्ज द्या असं सांगितलं, तर ती माझी दुसरी चूक होईल.

पण पळणाऱ्या पोरीला पदकाशिवाय काय मिळतं, तेही बघा. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, १०० मीटर पळावं लागतं, गोळाफेक असते. जी पोर आठवीपासून पळतेय तिला ते जड जात नाही. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्याला ठरावीक पातळीपर्यंतची कामगिरी लागते. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जायला लागतो. आणि हे सगळं सोडून द्या. जी पोर स्पर्धेला जाते, ती एसटीनं जिल्ह्याला जाऊन यायला शिकते, परक्या मैदानावर आपलं नाव पुकारलं की पुढं जायला शिकते. आपल्यातल्या कित्येक जणी पहिल्यांदा बँकेत गेलो तेव्हा आपलं नाव पुकारल्यावर उठायला घाबरलो होतो. आठवा.

आता कामाचं सांगते. गटात करता येतील अशा चार गोष्टी आहेत.

पहिली. कर्जाच्या कारणांत ‘मुलीचं शिक्षण आणि खेळ’ असं स्पष्ट लिहा. पुढच्या बैठकीत ठराव घ्या, वहीत लिहा, सह्या करा. ठराव असला की कुणा समन्वयकाला रकाना बघून ‘बसत नाही’ म्हणता येणार नाही. रक्कम छोटी ठेवा, व्याज नेहमीचंच ठेवा, परतफेड नेहमीसारखी घ्या. हे दान नाही, ताठ मानेनं घ्यायचं कर्ज आहे.

दुसरी. पोरीची वही ठेवा. गटाचं जसं रजिस्टर असतं, तसं तिचं. तारीख, किती अंतर, किती वेळ. मोबाइलवर घड्याळ असतं, आई वेळ लावू शकते, लिहिता येत नसेल तर धाकटं भावंडं लिहील. ललिताचे आकडे मी मघाशी वाचले ते यासाठीच. वेळ एक-एक सेकंदानं कमी होते आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, वहीत दिसते. पहिल्या वर्षी आपल्या गटाची बचत तरी कुठं दिसत होती? पासबुक बघितल्यावर कळलं. मधल्या वर्षांत घरच्यांचा धीर सुटतो, कारण दाखवायला काही नसतं. वही असली तर दाखवायला असतं.

तिसरी. सोबत आणि खाणं. पहाटे एकटी पोर रस्त्यावर पाठवायला कुठल्याही आईचा जीव घाबरतो, त्यात चूक काही नाही. गटातल्या दहा जणींनी पाळी लावली, तर महिन्यात एकीवर तीनच दिवस येतात. आपलं चालणंही होईल, गुडघे मोकळे होतील. आणि पळणाऱ्या पोरीच्या ताटात भावाएवढंच वाढा. शेंगदाणा, गूळ, मोड आलेली मटकी, चालत असेल तर अंडं. पाळीच्या दिवसांत थकवा फार येत असेल तर रक्त तपासून घ्या. पळणं बंद करायची घाई करू नका.

चौथी. माहिती. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशा पायऱ्यांनी जातात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. पोरीचा गट कुठला, तारखा कधी, हे शाळेतल्या खेळाच्या सरांना विचारा. सर नसतील तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा. आपण तहसीलला जातो, पंचायत समितीला जातो, तसंच तिथंही जायचं. तिथलीही खुर्ची आपल्यासाठीच आहे.

रिओच्या प्राथमिक फेरीतली एक गोष्ट सांगून थांबते. ललिता ज्या दिवशी ९ मिनिटं १९ सेकंदांत पळाली, त्याच दिवशी दुसऱ्या एका फेरीत इथिओपियाची एतेनेश दिरो पळत होती. मध्येच पळणाऱ्यांची एकमेकींना धडक बसली आणि तिचा बूट निकामी झाला. तिनं तो काढून फेकला, मोजाही काढला आणि उरलेली शर्यत एका पायानं अनवाणी पळाली. सातवी आली. पण पंचांनी झाला प्रकार बघितला आणि तिला अंतिम फेरीत घेतलं. ऑलिम्पिकचे पंच म्हणाले, बूट नव्हता ही तिची चूक नव्हती.

हे मी वाचलं तेव्हा मला शाळेचे साधे बूट घालून जिल्ह्याला पाचवी आलेली ती पोर आठवली. तिच्या वेळी पंच मी होते.

त्याच गटात आता आणखी एका ताईनं कर्ज मागितलं आहे. तिची मुलगी आठवीत आहे, लांब उडी मारते. येत्या दहा तारखेच्या बैठकीत विषय आहे. सचिव आक्का अजून त्याच आहेत आणि शेळीचं त्या परत विचारणार, हे मला ठाऊक आहे. या वेळी मी हसणार नाही. त्यांच्याकडे बघून सांगणार आहे, “आक्का, शेळी दरवर्षी विते. पोरगी चौदा वर्षांची एकदाच असते.”

तुमच्याही गटात भिंतीला टेकून कुणी ताई बसली असेल. तिनं हळू आवाजात काही मागितलं, तर तिला जरा मोठ्यानं बोलायला सांगा.